निळ्या एप्रनमधली बाई

पॅरिस, ९ एप्रिल १८८२

प्रिय सिल्व्हीनताई,

मी धडधाकट आहे. एवढं बाबांना आधी वाचून दाखव, म्हणजे ते पुढं न ऐकता झोपायला मोकळे. पत्राला उशीर झाला त्याला कारण काही नाही. लिहायला बसलो की पाय हलायला लागतात, तुला माहीतच आहे.

एक विचित्र गोष्ट झाली. इथं एका मोठ्या रस्त्यावर काही चित्रकारांनी खोल्या भाड्यानं घेऊन आपापली चित्रं टांगली आहेत. सरकारी प्रदर्शनात त्यांना कुणी दारात उभं करत नाही म्हणे. तिथल्या छताचा गिलावा एका कोपऱ्यात सुटला आणि एका बाईच्या टोपीवर पडला. मुकादमानं मला पाठवलं. लोक तिकीट काढून येत होते आणि चित्रांसमोर उभं राहून पोट धरून हसत होते. जवळून बघितलं तर मलाही आपलं घमेलं धुतल्यावरचं पाणी वाटलं.

मी शिडीवर चढलो, काम करता करता मान वळवली, आणि समोर आपली खिडकी.

खोटं सांगत नाही. पश्चिमेची खिडकी, तिच्यावरचा दगड बाबांनी तिरका बसवलेला, तो तसाच तिरका. खिडकीपाशी तू. मांडीवर परडी, शेजारी वाफाळलेलं पातेलं, आणि तू चेस्टनट सोलते आहेस. तोंड म्हणशील तर नाक म्हणजे एक फटकारा, डोळे तर नाहीतच. पण डावा पाय उजव्याखाली दुमडून बसायची तुझी खोड जगात दुसऱ्या कुणाची असेल? खाली नाव आहे, रुव्हेल. हा कोण? आपल्या मोंतेय गावात चित्रकार येतो, माझ्या बहिणीला भिंतीवर टांगतो, आणि मला पत्ता नाही.

पण ते राहू दे. तुझ्या पाठीमागं दार उघडं आहे. अंगणातून एक बाई गोठ्याकडं चालली आहे. डोक्याला पांढरा रुमाल, हातात बादली, अंगात निळा एप्रन. आईचा एप्रन, ताई. त्या निळ्याला दुसरं निळं नाही. ती बाई कोण?

दुसरं म्हणजे, इथं एक माणूस गवंडी गोळा करतोय, समुद्रापलीकडं ब्वेनोस आयरेसला न्यायला. तिथं अख्खं शहर नव्यानं बांधतात म्हणे. माझं मन तिकडं ओढतंय. जाण्याआधी घरी येईन, घराचं काय ते बघीन. घर शेवटी माझ्याच गळ्यात आहे.

तुझा
मार्सियाल


मोंतेय, २३ एप्रिल

प्रिय मार्सियाल,

मी पॅरिसला पोचले आणि तेही लोकांत हसू करून घ्यायला. बाबा म्हणाले, "तिकीट काढून बघतात? इथं फुकट बघायला कुणी येत नाही."

रुव्हेल म्हणजे एक लांब दाढीचा, सारखा शिंकणारा माणूस. गेल्या शरदात नदीची चित्रं काढायला आला होता. पाऊस लागला म्हणून आपल्या दारात उभा राहिला, आणि मग तिथून हलेना. म्हणाला, "बाई, तुम्ही माझ्याकडं बघू नका, काही करू नका, आहे तेच काम चालू ठेवा." मी म्हटलं, ते सोपं आहे. मला थांबायला सांगितलं असतं तर जमलं नसतं. चेस्टनटच्या दिवसांत तो रोज येत होता. त्यानं माझं नाक केलं नाही हे बरंच झालं, आईचं नाक आहे ते.

तुला सांगितलं नाही कारण तू दोन हिवाळे घरी आला नाहीस आणि पत्रात सगळंच मावत नाही.

मागची बाई म्हणजे रंगाचा डाग रे. रुव्हेल म्हणाला होता, तिथं निळं काहीतरी हवं. चित्रकारांना हवं असतं.

बाबांची कंबर तशीच. चुलीपाशी बसून मला कांदा कसा चिरावा ते शिकवतात. रूसेतला कालवड झाली. गोठ्याची पडकी भिंत गावातल्या सिप्रियाँनं पुन्हा बांधून दिली, आता वारा येत नाही. ब्वेनोस आयरेस कुठं आहे ते मी गुरुजींना विचारलं. त्यांनी नकाशावर बोट ठेवलं आणि बोट बराच वेळ समुद्रातूनच चाललं होतं.

जेवत जा.

सिल्व्हीन


पॅरिस, ७ मे

ताई,

डाग म्हणे. मला तू अजून पाळण्यातला समजतेस.

ऐक. मी गवंडी आहे, ऊन कुठून येतं ते मला कळतं. चित्रातलं ऊन तुझ्या डाव्या गालावर आहे आणि पातेल्याची सावली पार चुलीपर्यंत गेली आहे. म्हणजे सूर्य अक्रोडाच्या झाडाला टेकलेला. म्हणजे धारा काढायची वेळ. त्या वेळेला तू गोठ्यात असतेस. आई गेल्यापासून एक संध्याकाळ अशी नाही की तू त्या वेळेला घरात होतीस. आणि इथं तू निवांत बसून चेस्टनट सोलते आहेस, आणि बादली घेऊन दुसरीच कुणी चालली आहे. रूसेत चित्रकारासाठी थांबते का?

रविवारी आपल्या गावच्या, माझ्याच कामावरच्या बातिस्तकाकांना घेऊन गेलो. दोघांची तिकिटाची ऐपत होती, पण काका म्हणाले, "हसायला पैसे कशाला?" म्हणून घमेलं आणि थापी घेऊन कामावर असल्यासारखे आत शिरलो. काकांनी चित्राला नाक लावलं. म्हणाले, "काही नाही, नुसतं लिंपण." मग मी त्यांना ओढत मागं नेलं. त्यांनी डोळे बारीक केले आणि म्हणाले, "बाई आहे. चांगली थोराड आहे. खांदे बघ, पोतं उचलेल." शेजारी एक रेशमी बाई उभी होती, ती नवऱ्याला म्हणाली, "हे बघ, मजुरांना कळतंय." काका तिला म्हणाले, "बाईसाहेब, आम्ही चित्र नाही, शेजारीण ओळखतोय."

आता सरळ विचारतो. बाबांनी घरात बाई आणली आहे का? वयाच्या साठाव्या वर्षी? कंबर चालत नाही आणि हे सुचतं? लोक माझ्यापासून लपवतात, तूसुद्धा. आणि आणायची तर आणा, पण आईचा एप्रन तिला घालायला कुणी दिला? तूच दिला असणार, तू कुणाला नाही म्हणत नाहीस.

बाबांना सांग, मी कामाची पर्वा न करता येईन आणि तिला पेटीसकट रस्त्यावर ठेवीन. ते घर पुढं माझ्या नावानं होणार आहे. त्या घरात कोण येणार आणि कोण नाही हे मला विचारल्याशिवाय ठरायचं नाही.

मार्सियाल


मोंतेय, २० मे

प्रिय मार्सियाल,

तुझं पत्र मी बाबांना मोठ्यानं वाचून दाखवलं. वाचता वाचता मला हसू आवरेना, शेवटी कागद त्यांच्या मांडीवर ठेवून मी बाहेर गेले. परत आले तर ते गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, "त्याला लिही, बाई चांगली थोराड असेल तर नाव-गाव पण कळव. माझी ना नाही."

घरात कुणी बाई आलेली नाही. चित्रात आहे तो सिप्रियाँ.

हो, सिप्रियाँ लोरान. पॅरिसला तुमच्या त्या बांधकामाच्या लाकडी परांचीवरून पडून पाय मोडून परत आला तो. आता गावातल्या भिंती आणि छपरं बघतो. तेव्हा आपल्या गोठ्याची भिंत बांधत होता. रुव्हेलला ते तिरकं ऊन हवं होतं, आणि ते नेमकं धारांच्या वेळेलाच येई. पहिल्या दिवशी मी उठून चालले तर तो चित्रकार रडायचा बाकी राहिला. सिप्रियाँ भिंतीवरून म्हणाला, "बसा तुम्ही. बादली द्या इकडं."

मी म्हटलं, "तुम्हाला ती गाय हात लावू देईल होय?"

आणि तसंच झालं. रूसेतनं आयुष्यात पुरुषाचा हात बघितलेला नाही. तिनं एक लाथ मारली, बादली एकीकडं, सिप्रियाँ शेणात. दुसऱ्या दिवशी तो आला आणि म्हणाला, "तुमचा एखादा जुना एप्रन आहे का? आणि डोक्याचा रुमाल?" मी आईचा दिला, माझा त्याच्या पाठीला पुरला नसता. ते घालून तो तिच्याशेजारी बसला. तिनं वास घेतला, मान फिरवली, आणि दूध सोडलं. नंतर रोज तसंच. चित्र संपेपर्यंत.

आता गावाला काय पाहिजे? शेजारच्या मेलानीवहिनी कुंपणावरून ओरडल्या, "अगं सिल्व्हीन, नवी मोलकरीण ठेवलीस? मिशा बऱ्या आहेत तिच्या." पोरं त्याला लोरानबाई म्हणतात. पॅरिसला न जाणारा माणूस आपल्याकडं आधीच अर्धा, त्यात हा धारा काढणारा. तो बादली पोचवायचा, एप्रन घडी करून खुंटीवर ठेवायचा आणि जायचा.

मी तुला डाग म्हणून सांगितलं ते यासाठी, की हे सगळं तू तिथं सांगशील आणि सगळे गवंडी हसतील.

आता दुसरी गोष्ट, हसण्यावारी नेऊ नकोस. ईस्टरनंतर त्यानं मला विचारलं. मी चौतीस वर्षांची आहे, मार्सियाल. मी हो म्हणावं असं मला वाटतं. पण बाबांना सोडून मी त्याच्या एका खोलीत जाऊ शकत नाही, म्हणजे तोच इकडं येणार. घरजावई. आणि घराचा वारस तू. तू परत येऊन लग्न करशील तेव्हा एका चुलीवर दोन बायका आणि दोन पुरुष, हे कसं होतं ते आपण शेजारी बघितलं आहे. तू म्हणतोस घर तुझ्या गळ्यात आहे. मग ते तुला हवं आहे की नको आहे, एवढं मला कळलं पाहिजे. तुझं म्हणणं कळव.

सिल्व्हीन


मोंतेय, २ ऑगस्ट

प्रिय मार्सियाल,

गवत कापून झालं, गाडीनं आत आणलं. रायचं पीक उभं आहे, पुढच्या आठवड्यात कापू.

तुझं उत्तर आलं नाही. बातिस्तकाकांनी घरी पत्र धाडलं, त्यात तू बरा आहेस आणि भिंतीवर तुझा हात बसला आहे असं लिहिलं होतं. म्हणजे माझं पत्र तुला मिळालं आहे आणि तू वाचलं आहेस.

बाबा रोज विचारतात, "पोरगा काय म्हणतो?" मी सांगते, विचार करतो. ते म्हणतात, "विचार? आपल्या घरात?"

सिप्रियाँ विचारत नाही. त्याचा मला जास्त त्रास होतो.

सिल्व्हीन


पॅरिस, २९ ऑक्टोबर

प्रिय ताई,

तुला राग आला असेल. आलाच पाहिजे.

तुझं मे महिन्यातलं पत्र आलं तेव्हा तुला ज्याची भीती होती तेच मी आधी केलं. खानावळीत सगळ्यांना सांगितलं. सूप चाललं होतं, मी उठून उभा राहिलो, डोक्याला रुमाल बांधला आणि सिप्रियाँसारखा लंगडत लंगडत बादली घेऊन चाललो. लोकांची हसून मुरकुंडी वळली. एकानं हंबरून दाखवलं. मीही हसलो. मग म्हणालो, हा माणूस माझ्या घरात मालक होऊन बसणार, माझ्या बापाच्या खुर्चीत. तेव्हा ते अजून हसले, आणि मला एकदम वाईट वाटलं, पण ते त्याच्यासाठी नाही. मला वाटलं, ही माझी अब्रू चालली. त्या रागात मी तुला लिहिलं नाही. दोनदा सुरू केलं. दोन्ही वेळा पहिल्या ओळीत "नाही" होतं, आणि दुसरी ओळ सुचली नाही.

बातिस्तकाका त्या दिवशी हसले नव्हते. माझ्या ते लक्षातही आलं नाही. ऑगस्टात तुझं छोटं पत्र आलं, ते मी त्यांना दाखवलं. ते परांचीवर बसून भाकरी खात होते. म्हणाले, "चाळीस वर्षं झाली मला इथं येऊन. घरी जातो तेव्हा हिवाळा, बायको उभी. निघतो तेव्हा वसंत, बायको उभी. ती बसलेली कशी दिसते हे मला सांगता यायचं नाही. मेली तेव्हा आडवी बघितली."

मग भाकरीचा तुकडा तोंडात टाकून म्हणाले, "तुझी बहीण बसलेली होती. ते तू बघितलंस ना नीट?"

आणि ताई, मी बघितलंच नव्हतं. दोनदा गेलो त्या खोलीत. एकदा शिडीवरून आणि एकदा घमेलं घेऊन. दोन्ही वेळा मी त्या निळ्याकडंच बघत राहिलो. ऊन कुठून येतं ते मोजलं, सावली मोजली, बाईचे खांदे मोजले. तू चित्राच्या मध्यभागी होतीस, आणि तुझं तोंड कसं होतं ते मला आठवेना. नाक एक फटकारा होता, एवढंच. पण तू थकलेली होतीस का, खुशीत होतीस का, काय.

दुसऱ्या दिवशी कामावरून सुटून तिकडं गेलो. त्या खोल्यांत आता टोप्यांचं दुकान आहे. दुकानदाराला विचारलं तर तो म्हणाला, "ती चित्रं? काही परत गेली, एखाददुसरं विकलं गेलं." रुव्हेलचा पत्ता शोधला, तो दक्षिणेकडं गेला आहे. त्याच्या घरमालकिणीनं सांगितलं, "चेस्टनट सोलणारी ना? ती एका डॉक्टरानं नेली. जेवणाच्या खोलीत लावणार म्हणत होता." कुठला डॉक्टर ते तिला माहीत नाही. म्हणजे आता कुणीतरी परका रोज जेवताना तुला बघतोय, आणि मला बघता येत नाही.

दोन महिने मी हे कागदावर कसं आणू ते ठरवत होतो. आता सांगतो, आणि सरळ सांगतो. सिप्रियाँला हो म्हण. मी तुला परवानगी देतो. घर तुम्ही ठेवा, वाटणीचं काय करायचं ते वकिलासमोर करू, मला वरची एक खोली पुरे, आणि तीही मी असेन तेव्हाच. मला ते घर हवं होतं ते राहायला नाही. कुठंही गेलो तरी मागं काहीतरी आहे, असं वाटायला हवं होतं. त्यासाठी तुला तिथं बांधून ठेवणं बरोबर नाही. सिप्रियाँशी माझ्यातर्फे हात मिळव. खानावळीतलं सांगू नकोस. नको, सांग. कुणाकडून तरी कळेलच, मग माझ्याकडून कळलेलं बरं.

आता एक विचारतो. त्या चित्रात तू काय विचार करत होतीस? त्याचाच का?

तुझा
मार्सियाल


मोंतेय, ९ नोव्हेंबर

प्रिय मार्सियाल,

तुझं पत्र सोमवारी आलं. बाबांनी ते दोनदा वाचायला लावलं. दुसऱ्यांदा वाचताना बातिस्तकाकांच्या बोलण्यापाशी त्यांनी हात वर केला, म्हणून मी थांबले. त्यांनी काठीनं चुलीतलं लाकूड आत सारलं. मग म्हणाले, "पुढं वाच." आईची आठवण झाली असणार. ते सांगायचे नाहीत.

खानावळीतलं मी सिप्रियाँला सांगितलं. तो म्हणाला, "कुठला पाय लंगडा केला त्यानं?" मी म्हटलं, लिहिलं नाही. "विचारून घे. बहुतेक लोक चुकीचा करतात."

तू मोठ्या मनानं लिहिलंस. मी ते पत्र जपून ठेवणार आहे. पण तुला खरं सांगितलंच पाहिजे. सोमवारी तुझं पत्र आलं, आणि आदल्या रविवारी चर्चमध्ये आमच्या लग्नाचा पहिला जाहीर पुकारा होऊन गेला होता. सप्टेंबरमध्ये बाबा काठी टेकत टेकत स्वतः वकिलाकडं जाऊन आले. वरची खोली तुझी, हे त्यांनी आधीच लिहून ठेवलं आहे. तू नाही म्हणाला असतास तर मला फार वाईट वाटलं असतं, मी कदाचित महिनाभर कुणाशी बोलले नसते. पण थांबले नसते. तुझं म्हणणं मी विचारलं होतं, मार्सियाल. परवानगी नव्हती विचारली. तू आणि मी दोघंही उन्हाळाभर ते दोन्ही एकच समजत होतो. मीसुद्धा. मला ते ऑगस्टात, राय कापताना कळलं.

लग्न महिन्याच्या शेवटच्या मंगळवारी आहे, तुम्ही सगळे गवंडी हिवाळ्यासाठी परतल्यावर. मेलानीवहिनींनी केक करायचं कबूल केलं आहे. त्यांना बोलायला काहीतरी लागतंच, तर खाऊ घालून बोलू दे.

तू विचारलंस मी काय विचार करत होते. काहीच नाही रे. चेस्टनट गरम असतानाच सोलावे लागतात, निवले की आतली साल चिकटून बसते. बोटं भाजत असतात, तेव्हा दुसरं काही डोक्यात येत नाही. तुला वाटलं असेल मी त्याचा विचार करत होते. तो गोठ्यात होता, धार काढत होता, आणि मला तेवढा वेळ त्याचा, बाबांचा, तुझा, कुणाचाच विचार करावा लागला नाही. रुव्हेलला ते दिसलं असेल तर तो बरा चित्रकार आहे. तो डॉक्टर नाक नसलेली बाई बघत जेवतो, ते त्याचं त्याला ठाऊक.

आता ब्वेनोस आयरेस. जायचं असेल तर जा. मी पूर्वी "जाऊ नको" म्हणाले असते आणि तू गेला असतास. फक्त आमचं लग्न बघून जा. पण एक ध्यानात ठेव. तुझी वाट बघणारं इथं कुणी नाही असं समजून जाऊ नकोस. आणि कुणीतरी उपाशी तुझी वाट बघत बसलं आहे असंही समजू नकोस.

गाडी घाटात बऱ्याचदा अडकते. तुला उशीर झाला तर आम्ही जेवून घेऊ. तुझं ताट झाकून ठेवीन.

सिल्व्हीन